आपला एकटीचा एक फोटो

हिंगणघाट तालुक्यातल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

तुमचा एकटीचा फोटो घरात आहे काय? आधार कार्डावरचा, पासबुकावरचा धरू नका. लग्नातला, बारशातलाही नको. फक्त तुमचा.

आमच्या गटांत हे विचारलं, तर बहुतेक जणी नुसत्या हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "माहा कायले काढता? पोरायचा काढा." कापूस वेचायला, निंदायला, कर्जाचा हप्ता भरायला आपण पुढे. फोटोच्या वेळी मात्र मागच्या रांगेत. मग बाई गेली की हार घालायला घरचे लोक आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून आणतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे रेशन कार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. कागदावर प्रमुख, आणि भिंतीवर जागा नाही!

आनंदीबाई जोशींचा एक फोटो आहे, १८८५ सालचा. अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकत होत्या, वय वीस. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली. तिघींनीही आपापल्या देशाचाच पोशाख केलेला, आनंदीबाई लुगड्यात. पुढच्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये बावीस पूर्ण व्हायच्या आत पुण्यात वारल्या. दवाखाना चालवणं नशिबी आलं नाही. पण ती बाई कशी होती, हे तो फोटो आजही सांगतो.

म्हणून आम्ही ठरवलं, गटातल्या प्रत्येकीचा एक फोटो काढायचा. जिला जे आवडेल ते तिनं नेसावं. हातात आपल्या कामाची वस्तू घ्यावी: विळा असो, शिवणाचं कापड असो, गटाचं रजिस्टर असो. सकाळी दाराशी, उजेडाकडे तोंड करून बसावं. नवरा वारलेल्या मैत्रिणी मागं सरकतात. त्यांचा फोटो सगळ्यांच्या आधी काढा. फोटोच्या मागं नाव, गाव, काम आणि तारीख लिहा. नाव स्वतःचं, 'अमक्याची आई' नव्हे. आणि जिचा फोटो, तिला विचारल्याशिवाय तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं एक काम करा. फोटो पेटीत ठेवू नका, भिंतीवर लावा. आपल्या मुली रोज पाहतील.