फुंकर आणि बटण

मी बासरी शिकवतो. शनिवारी पेणला आणि रविवारी रोह्याला माझे वर्ग असतात. दोन्ही गावांत पालक मला एक प्रश्न हटकून विचारतात. "सर, ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवर बटण दाबलं की बासरी वाजते. मग आमच्या पोरानं तीन-चार वर्षं फुंकत कशाला बसायचं?" या प्रश्नात उर्मटपणा नाही, हिशेब आहे. हळदीला, लग्नाला, गणपतीत कीबोर्डवाल्याला सुपारी मिळते. बासरीवाल्याला कोण बोलावतं? पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं. त्यासाठी आज तुम्हाला जरा लांब, इंग्लंडमध्ये आणि साठेक वर्षं मागे नेतो.

कारण ते बटण आजचं नाही. 1963 साली बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य तयार होऊ लागलं. दिसायला पियानोसारखं, पण प्रत्येक पट्टीमागे टेपचा एक तुकडा. त्यावर खऱ्या बासरीचा किंवा व्हायोलिनचा सूर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप सरकायची आणि सूर उमटायचा. सुमारे आठ सेकंदांत टेप संपली की सूरही संपला. बीटल्सच्या 1967 सालच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या गाण्याच्या सुरुवातीला बासरी ऐकू येते, ती अशी टेपवरची आहे.

त्याच सुमारास तिकडच्या काही तरुणांना तीन मिनिटांच्या रॉक गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी गाणी लांबवली, त्यांत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जाझ, लोकसंगीत आणलं. पुढे या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव पडलं. मूडी ब्लूज हा त्यातल्या सुरुवातीच्या वाद्यवृंदांपैकी एक. त्यांचा माइक पिंडर मेलोट्रॉनच्या कारखान्यात काम करून आलेला. म्हणजे यंत्रातली बासरी घरचीच! तरीही 1967 सालच्या 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन'मध्ये मधली बासरी रे थॉमस या माणसानं स्वतः फुंकली आहे. 1969 साली किंग क्रिम्झनची पहिली तबकडी आली. तिच्यात मेलोट्रॉन वाजवणारा आणि बासरी वाजवणारा माणूस एकच, इयन मॅकडोनाल्ड. यंत्र त्याच्या हाताखाली होतं. पण 'आय टॉक टू द विंड' या शांत गाण्यात त्यानं खरी बासरीच ओठांना लावली.

आता कोणी म्हणेल, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या गदारोळात बासरी टिकली कशी? आपल्याकडचा खालू बाजा आठवा. पालखीपुढे ढोलाच्या बरोबरीनं सनई वाजते, बासरी वाजत नाही. सनईत पत्ती थरथरते, तिचा आवाज ढोल कापून पलीकडे जातो. बासरीला पत्ती नाही. छिद्राच्या काठावर हवा फुटते आणि सूर होतो. बरीचशी फुंकर नुसती 'फुस्स' होऊन जाते. उघड्या मैदानात ती हरणारच.

तिला हात दिला मायक्रोफोननं. ब्लॅकपूलचा इयन अँडरसन आधी गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनसारख्यांपुढे आपला निभाव लागणार नाही, हे त्यानं ओळखलं. 1967 साली गिटार देऊन त्याच्या बदल्यात त्यानं एक बासरी आणि एक मायक्रोफोन घेतला. त्याच्या वाद्यवृंदाचं नाव जेथ्रो टल. हे मूळ नाव पेरणीचं यंत्र बनवणाऱ्या अठराव्या शतकातल्या एका इंग्रज शेतकऱ्याचं! अँडरसनला गुरू नव्हता. रोलंड कर्क हा अमेरिकन जाझ वादक बासरी फुंकता फुंकता त्यातच गुणगुणायचा. अँडरसननं ती रीत उचलली आणि 1968 सालच्या पहिल्याच तबकडीत कर्कची एक रचना वाजवली. फुसफुस, गुरगुर, खाकरणं, धाप लागणं, शास्त्रीय शिक्षक ज्याला दोष म्हणतील ते सगळं त्यानं माइकजवळ नेलं आणि तीच त्याची ओळख झाली. वाजवताना तो एका पायावर उभा राहायचा. आपल्याला मुरलीधराची आठवण व्हावी असाच.

पण बिनगुरूची विद्या, तिच्यात कच्चे दुवे राहतातच. वीसेक वर्षांनी मुलगी शाळेत बासरी शिकू लागली, तेव्हा आपली बोटं चुकीची पडतात हे अँडरसनच्या ध्यानात आलं. जगभर नाव झालेल्या त्या माणसानं बोटं नव्यानं बसवली. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर 5 डिसेंबरला त्यानं अनुष्का शंकर यांच्यासह मुंबईत पीडितांच्या मदतीसाठी कार्यक्रमही केला.

या गोष्टीचं एक पान तर मुंबईतच लिहिलं गेलं. जानेवारी 1968 मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी आला होता. तिथे 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीत मुद्रित झालं. गाणं त्यानं नंतर लंडनला गायलं. त्यातल्या बासरीवादकांत हरिप्रसाद चौरसिया आणि एस. आर. केंकरे यांची नावं घेतली जातात. हे गाणं प्रोग्रेसिव्ह रॉकचं नव्हे, पण वारा तोच. लंडनच्या स्टुडिओत टेपवरची बासरी हाताशी असताना या माणसानं इथे खरी बांबूची बासरी मुद्रित केली, हे लक्षात घ्या.

फरक काय? टेपवरचा सूर दर वेळी सारखाच सुरू होतो. बांबूच्या छिद्रावरून बोट हळूहळू सरकवलं की मींड येते, श्वास वाढवला की सूर फुगतो, ओठ किंचित वळले की तो काळवंडतो. वाजवणारा हे सगळं त्या क्षणी ठरवतो.

म्हणून पालकांना मी खरं तेच सांगतो. बटण वाजवतं तेवढंच तुमचं मूल वाजवणार असेल, तर सुपारी बटणालाच मिळेल, आणि त्यात गैर काही नाही. आजचे कीबोर्ड मेलोट्रॉनच्या फार पुढे गेले आहेत, आठ सेकंदांची अडचणही उरलेली नाही. पण श्वासाचं काम शिकायचं असेल तर वेळ द्यावाच लागतो. माझ्या वर्गात पहिला महिना एकच सूर लावायचा असतो, रोज थोडा जास्त वेळ. मुलं कंटाळतात, काही सोडूनही जातात. जी राहतात, त्यांना मी वर सांगितलेली गाणी ऐकायला देतो. तुम्हीही ऐका, आणि एवढंच करा: सूर सुरू होण्याआधी वादकानं घेतलेला श्वास ऐकू येतो का, याकडे कान द्या.