दोन राजधान्या : शिआन आणि वाशीम

चीन देशांतील शिआन आणि आपल्या वऱ्हाडांतील वाशीम हीं दोन नांवें एका दमांत घेतलीं, तर पुष्कळांना हंसूं येईल. शिआन हें २०२० च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें १ कोटी २९ लाख वस्तीचें महानगर. वाशीम हें १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या एका लहानशा जिल्ह्याचें ठिकाण. परंतु दोन्ही गांवें एके काळच्या राजधान्या आहेत, आणि दोहोंपुढें आज एकच प्रश्न उभा आहे. जुन्या भूमीवर नवें शहर उभारावयाचें, तें कसें? ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

शिआनचें जुनें नांव चांगआन. इ. स. ३९९ मध्यें फाहियान हा भिक्षु याच नगरांतून धर्मग्रंथांच्या शोधार्थ भारताकडे निघाला. त्या सुमारास वाशीमला, म्हणजे तेव्हांच्या वत्सगुल्मास, वाकाटकांची एक शाखा राज्य करीत होती. पुढें सातव्या शतकांत ह्युएनत्संग महाराष्ट्रांत येऊन गेला. डोंगरांत कोरलेल्या एका विहाराचें वर्णन त्यानें केलें असून, त्याच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंस दगडी हत्ती आहेत असें तो सांगतो. हें वर्णन अजिंठ्याचें, असें विद्वान् मानतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या वाटेवर तसे हत्ती आजही उभे आहेत; आणि तें लेणें कोरविलें वराहदेवानें, वत्सगुल्माच्या हरिषेण राजाच्या मंत्र्यानें! ह्युएनत्संग ६४५ सालीं चांगआनला परतला. त्यानें भारतांतून नेलेले ग्रंथ व मूर्ति सुरक्षित राहाव्यात म्हणून ६५२ सालीं तेथें एक उंच मनोरा बांधण्यांत आला. रानहंसाचा मोठा मनोरा या नांवानें तो आजही ओळखला जातो. तेव्हां ह्या दोन नगरांचा संबंध आपण समजतों तितका दूरचा नाहीं.

आतां आजच्या शिआनकडे वळूं. तांग बादशहांचें चांगआन ९०४ सालीं मोडून टाकण्यांत आलें. आज जो तट दिसतो तो चौदाव्या शतकांतला, मिंग घराण्याच्या वेळचा. त्याचा घेर सुमारें १३.७ किलोमीटर आहे. विसाव्या शतकांत पेकिंगचा तट बहुतेक पाडला गेला. शिआनचा तट मात्र १९६१ सालीं राष्ट्रीय संरक्षणाखालीं आला आणि वांचला. तटाच्या आंत, चार हमरस्ते मिळतात तेथें, १३८४ सालीं बांधलेला घंटाघराचा बुरूज आहे. २०११ सालीं शहरांत जमिनीखालून धांवणारी आगगाडी सुरू झाली. तिचा मार्ग नेमका ह्याच चौकांतून जावयाचा होता. तेव्हां बुरुजाच्या पायास धक्का लागूं नये म्हणून जाण्याचें व येण्याचें अशीं दोन्ही भुयारें बुरुजाला वळसा घालून नेण्यांत आलीं. गाडीही धांवते आणि बुरूजही उभा आहे.

त्या शहरांत शिलालेखांचें एक अपूर्व संग्रहालय आहे. 'शिलास्तंभांचें वन' असें त्याचें नांव. ८३७ सालीं चिनी अभिजात ग्रंथ दगडांवर कोरले गेले होते. ते नष्ट होऊं नयेत म्हणून १०८७ सालीं ते एकत्र आणून ठेवण्यांत आले, आणि त्यांतून हा संग्रह वाढत गेला. आपल्या गांवचे कोरलेले दगड आपणच जपावयाचे, ही समज तेथें नऊशें वर्षांहून जुनी आहे.

अर्थात् शिआनमधलें सर्वच अनुकरणीय आहे असें नाहीं. तांगकाळाची नक्कल करून दिव्यांनी झगमगविलेल्या नव्या बाजारपेठाही तेथें आहेत. जुन्याचा मुखवटा धारण केल्यानें कोणतीही वस्तु जुनी होत नसते. जपणें निराळें आणि सोंग आणणें निराळें.

आतां वाशीम पाहूं. पद्मतीर्थ आहे, अठराव्या शतकांत भवानी काळू यांनीं बांधलेलें बालाजीचें मंदिर आहे, वत्स ऋषीची कथा तर घरोघर ठाऊक आहे. नवेंही कांहीं कमी नाहीं. पूर्णा-अकोला हा लोहमार्ग २००८ सालीं रुंद झाला. नागपूरहून निघणारा समृद्धि महामार्ग जिल्ह्यांतून जातो. त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. पण वाकाटकांचें वत्सगुल्म कोठें आहे? तें आपल्या पायांखालीं आहे.

हें अलंकारिक बोलणें नव्हे. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत लाविला आहे. इतकी ज्या नगराची कीर्ति, त्या नगरीं कोणतें राजघराणें नांदलें हें १९३९ पर्यंत कोणालाही निश्चितपणें ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं वाशीमचा ताम्रपट उजेडांत आला. दुसऱ्या विंध्यशक्ति राजानें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलेल्या गांवाचें तें दानपत्र आहे. वंशावळ संस्कृतांत आणि दानाचा व्यवहार प्राकृतांत, अशा दोन भाषा त्या एकाच पटावर नांदत आहेत. ह्या पटाच्या आधारें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं अजिंठ्याचा शिलालेख पुन्हा तपासला, आणि पूर्वी चुकीचें वाचलेलें सर्वसेन राजाचें नांव प्रथमच नीट लागलें. ह्याच सर्वसेनानें 'हरिविजय' नांवाचें प्राकृत काव्य रचिलें होतें. तें आज उपलब्ध नाहीं. संस्कृत साहित्यशास्त्रकारांच्या उल्लेखांवरूनच तें आपल्याला ठाऊक आहे.

श्रोतेहो, कल्पना करा. तो ताम्रपट कोणी तांब्याच्या भावानें मोडींत घातला असता, तर एक सबंध राजशाखा इतिहासांतून कायमची पुसली गेली असती. असे किती पट आजवर मुशींत वितळले असतील, त्याची गणना कोण करणार?

नवें येतें तें खणतच येतें. घराचा पाया, विहीर, नळाचा चर, रस्त्याची भर, प्रत्येक कामांत भूमि उकरली जाते. जुनें सांपडण्याची आणि जुनें नष्ट होण्याची वेळ एकच असते. म्हणून नव्या बांधणीला विरोध करण्याचें कारण नाहीं. तिला डोळे हवेत, इतकेंच. जमिनींत सांपडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, असें १८७८ च्या कायद्यानेंच सांगितलें. पण कायद्याआधीं जागा व्हावयास हवा तो कुदळ धरणारा गवंडी, घरमालक, शाळेंतला शिक्षक. कोरलेली अक्षरें दिसलीं कीं हात थांबला पाहिजे. पट घांसूनपुसून लखलखीत करण्याचा मोह आवरला पाहिजे. आणि वस्तु कोणत्या जागीं, किती खोल सांपडली, हें लिहून ठेवलें पाहिजे.

शिआननें आपल्या बुरुजासाठीं आगगाडीला वळसा घालावयास लाविलें. वाशीमला इतकें मोठें कार्य कदाचित् करावें लागणार नाहीं. त्यानें कुदळ क्षणभर थांबवावी, एवढें पुरे आहे.