तात्पुरतं आणि कायमचं : लोणारच्या निमित्तानं
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संगणकावर बोलले तर मागच्या बाकावरचे आजही उठून जातील, म्हणून आपल्या विज्ञानाच्या वहीतल्या एका तक्त्यावर बोलते. दोन रकाने होते : तात्पुरते बदल आणि कायमचे बदल. बर्फाचं पाणी होणं डावीकडे, दुधाचं दही होणं उजवीकडे. मेणबत्ती मात्र दोन्हीकडे लिहावी लागायची. वितळलेलं मेण पुन्हा घट्ट होतं, जळलेलं परत येत नाही.

असं दोन्हीकडे लिहावं लागणारं मोठं उदाहरण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे, लोणार. सहलीला गेलो होतो तेव्हा त्या पाण्याच्या वासानं सगळ्यांनी नाकं धरली होती!

उल्का आदळली आणि बेसॉल्टच्या काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. धक्का इतका जबरदस्त, की कातळातल्या फेल्डस्पारची स्फटिकरचना मोडून न वितळताच त्याची काच झाली. तिला मास्केलिनाइट म्हणतात. मंगळावरून आलेल्या उल्कापाषाणांतही ती सापडते. हा बदल उजव्या रकान्यातला, शंकाच नाही.

मग जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीत घरी बसून आपण एकमेकांना फोटो पाठवत होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि अशा पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले होते. रंग त्यांचा. नमुना स्थिर ठेवला तेव्हा गुलाबी साका तळाशी बसला आणि वर नितळ पाणी राहिलं. पाऊस झाला, पाणी वाढलं, सरोवराचाही रंग गेला. डावा रकाना.

मला काळजी वाटते ती रंग न बदलता होणाऱ्या बदलाची. हे पाणी खारट तर आहेच, शिवाय अल्कधर्मी आहे, पीएच १०च्या आसपास. सरोवरातून बाहेर वाहणारा ओढा नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, म्हणून हे टिकलं. पण जेवढी वाफ होते त्याहून जास्त गोडं पाणी वर्षानुवर्षं येत राहिलं, त्यात गावाचं सांडपाणी मिसळलं, तर क्षारता उतरत जाणार. आमच्या कामात नको असलेला बदल मागे घेता येतो, कारण जुनी प्रत जपलेली असते. इथे जुनी प्रत म्हणजे त्या पाण्यातले जीवच. क्षार तळ्यातच असल्यानं पाणी पुन्हा खारट होईलही, पण मधल्या काळात नाहीसे झालेले जीव परतील याची हमी कोण देणार? आणि याचे फोटो कुणी पाठवत नाही.

म्हणून एक सूचना. शाळेला भेट देण्यासाठी निधी जमतोच आहे, त्यातून एक पीएच मीटर आणि क्षारता मोजायचं एक उपकरण घेऊ. नववीच्या मुलांनी दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये एकाच ठिकाणचं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. सरोवर अभयारण्यात येतं, तेव्हा वनखात्याची परवानगी लागेल. तो अर्ज मी लिहिते. मुलांना घेऊन कोण जाणार, ते जेवणाच्या सुट्टीत ठरवू.