यादी कुठून येते?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्या देवणीचे नाव सरकारी संगणकात निदान दोन याद्यांमध्ये आहे. एक यादी तालुक्यांची. लातूर जिल्ह्यातला हा तालुका १९९९ साली झाला. दुसरी यादी गाई-बैलांच्या जातींची. काळ्या-पांढऱ्या अंगाची देवणी गाय या गावाच्या नावानेच देशभर ओळखली जाते. आज मला बोलायचे आहे ते अशा याद्यांविषयी. मोबाइलवर किंवा संगणकावर अर्ज भरताना एखाद्या रकान्यावर बोट ठेवले की खाली नावांची माळ उलगडते आणि त्यातले एक नाव आपण निवडतो. ही माळ कुठून येते, ती कोण ओवतो, आणि तिच्यात आपले नाव नसले तर काय होते? अर्ज आणि डेटाबेस यांच्यातच माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हा विषय.

तुम्ही म्हणाल, यादी हवीच कशाला? माणसाला लिहिता येते, लिहू द्या. पण एक जण 'देवणी' लिहितो, दुसरा 'देवनी', तिसरा इंग्रजीत 'डीईओएनआय' आणि चौथा 'डीईव्हीएनआय'. तुम्हा-आम्हाला चारही एकच आहेत. संगणकाला ती चार वेगळी गावे वाटतात. शिवाय महाराष्ट्रात एकाच नावाची गावे किती! तळेगाव आपल्या देवणी तालुक्यात आहे, तसे पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे आहे. नुसते 'तळेगाव' लिहून अर्ज पाठवला तर तो कोणाच्या टेबलावर जायचा? म्हणून निवडीची यादी. लिहिण्यातली चूक टळते आणि मोजणी सोपी होते.

ही यादी अर्जात आणायच्या दोन पद्धती आहेत. काही हॉटेलांत पदार्थांची पाटी भिंतीवर रंगवलेली असते. दिसायला छान; पण त्यातले अर्धे पदार्थ कधीच बंद झालेले असतात आणि आज केलेले थालीपीठ पाटीवर नसते. दुसऱ्या हॉटेलात पोऱ्या आत जाऊन विचारून येतो आणि आज काय काय आहे ते सांगतो. अर्जाचेही तसेच. प्रोग्रामर सगळी नावे अर्जाच्या पानातच टाइप करून ठेवतो, ही झाली रंगवलेली पाटी. दुसऱ्या पद्धतीत नावे डेटाबेसच्या एका तक्त्यात असतात. पान उघडले की सर्व्हर तक्त्याला विचारतो, 'सध्या चालू असलेली नावे क्रमाने दे.' जी नावे येतात त्यांची माळ रकान्याखाली लागते. नवा तालुका झाला की तक्त्यात एक ओळ वाढवायची. अर्जाला हात लावावा लागत नाही.

रंगवलेल्या पाटीचा अनुभव आपल्या तालुक्याने घेतला आहे. तालुका होऊन बरीच वर्षे झाल्यावरही एका संस्थेच्या अर्जात देवणीचे नाव मी पाहिले नव्हते. कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून लातूर जिल्ह्याचे तालुके उतरवून घेतले होते. मुले काय करणार? ती 'उदगीर' निवडत. अर्ज स्वीकारला जाई, पत्रे येत, कोणाचे काही अडत नसे. पण संस्थेने तालुकावार आकडे काढले तेव्हा देवणीपुढे शून्य होते. त्या कार्यालयात बसलेल्या माणसाने काय समजायचे? देवणीतून कोणी अर्जच केला नाही! चुकीचे उत्तर निदान कधीतरी कोणाच्या डोळ्यांत खुपते. यादीत नसलेले नाव कोणालाच खुपत नाही, कारण ते दिसतच नाही.

यादी तक्त्यातून आली की काम संपले, असेही नाही. तक्त्यात प्रत्येक नावाला एक संकेतांक असतो. आपण नाव पाहून निवडतो, पण साठवला जातो तो संकेतांक. असे का, ते २०२३ साली आपल्याला चांगले कळले. त्या वर्षी उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला आणि औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला. पुढच्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. २०११ च्या जनगणनेच्या यादीत लातूरचा संकेतांक ५२४ आहे, उस्मानाबादचा ५२५ आणि नांदेडचा ५११. ज्याने आपल्या नोंदींमध्ये ५२५ हा आकडा साठवला, त्याने तक्त्यातले एकच नाव बदलले आणि सगळ्या जुन्या नोंदी धाराशिवच्या झाल्या. ज्याने नाव साठवले होते, त्याच्याकडे निम्मे लोक उस्मानाबादचे राहिले आणि निम्मे धाराशिवचे.

मग शोधा आणि बदला असा हुकूम सोडला तर? जिथे उस्मानाबाद दिसेल तिथे धाराशिव करा! थांबा. उस्मानाबादी नावाची शेळी आहे. जातीची नोंद त्या नावाने आहे आणि जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून शेळीच्या जातीचे नाव बदलत नाही. सरसकट बदल केला तर ही शेळी आपल्या यादीतून नाहीशी होईल. म्हणून जिल्ह्यांचा तक्ता वेगळा आणि जातींचा वेगळा. देवणी तालुका आणि देवणी गाय यांचे नाव एक असले तरी संगणकात त्यांची घरे दोन असतात, ती यासाठीच.

आता एका यादीवर अवलंबून असलेली दुसरी यादी पाहू. सातबारा पाहायला महाभूलेखवर गेलात की आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. लातूर निवडले की त्याचेच तालुके दिसतात, देवणी निवडले की वलांडी, बोरोळ अशी त्याच तालुक्यातली गावे येतात. तक्त्यात प्रत्येक गावाच्या ओळीत त्याच्या तालुक्याचा संकेतांक लिहिलेला असतो आणि सर्व्हर तेवढीच गावे मागवतो. हजारो गावांची यादी शे-दोनशेवर येते. देशातल्या राज्य, जिल्हा, तालुका, गावांचे आणि ग्रामपंचायतींचे असे संकेतांक केंद्र सरकारचे पंचायती राज मंत्रालय एका निर्देशिकेत ठेवते. प्रत्येकाने आपली यादी घरी बनवण्यापेक्षा तिथली वापरावी, हा त्यामागचा हेतू.

पण कोणती यादी कशावर अवलंबून ठेवायची, हे समजून ठरवावे लागते. समजा, कोणी जनावरांच्या अर्जात जातींची यादी राज्यावर अवलंबून ठेवली. महाराष्ट्र निवडले तर देवणी, लाल कंधारी, खिल्लार, डांगी, गवळाऊ दिसतील. कर्नाटक निवडले तर अमृतमहल आणि हल्लीकर. कागदावर ठीक वाटते. पण देवणी गाय लातूर-नांदेडात आहे तशी सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यातही पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या शेतकऱ्याला आपल्याच गोठ्यातल्या गाईचे नाव यादीत सापडणार नाही. गावाला तालुका असतो, गाईला राज्य नसते. यादी बांधणाऱ्याला जनावरांच्या बाजाराची थोडी माहिती हवी, ती इथे.

दुसरी एक बारीक गोष्ट. जातींची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली तर अमृतमहल पहिल्यांतच येते. अर्ज उघडताच पहिले नाव आपोआप निवडलेले असेल आणि घाईतल्या माणसाने तो रकाना तसाच सोडला, तर लातूर जिल्ह्यात अमृतमहल गाईंचे कळपच्या कळप उभे राहतील! म्हणून पहिल्या ओळीत कुठलीही जात नको, 'निवडा' एवढेच हवे. आणि ते तसेच ठेवले तर अर्ज पुढे जाता कामा नये. त्याच्याही पुढे जाऊन, आलेला संकेतांक खरोखर आपल्या तक्त्यातला आहे का, हे सर्व्हरने पुन्हा तपासले पाहिजे. समोर दिसणारी यादी भरणाऱ्याच्या सोयीची. पहारा सर्व्हरवरच हवा.

एवढी चिकित्सा एका गाईच्या जातीसाठी? होय, कारण या रकान्यावर बरेच काही अवलंबून आहे. जनावराच्या कानाला बारा आकडी बिल्ला मारतात तेव्हा संगणकात त्याची जातही नोंदवतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत टॅब्लेटवर जातवार माहिती घेतली गेली. तिचा जातवार अहवाल २०२२ मध्ये आला, त्यात एकोणीस प्रकारच्या पशुपक्ष्यांच्या १८४ देशी, विदेशी आणि संकरित जाती होत्या. यातल्या देशी जातींची नोंद ठेवते ती हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था. तिने नोंदलेली जात गणनेच्या यादीत येते. कोणती जात वाढते आहे, कोणती घटते आहे आणि कोणती जपायला हवी, हे अशा आकड्यांवरून पाहिले जाते.

विदर्भातली कठाणी गाय घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शेतकऱ्याला ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण कर्नालच्या यादीत तिचे नाव आले ते २०२३ च्या सुरुवातीला, पूर्णाथडी म्हशीबरोबर. म्हणजे २०१९ च्या गणनेत गोठ्यात कठाणी उभी होती, मोजणारा दारात होता, मालक नाव सांगत होता, आणि टॅब्लेटमध्ये निवडायला ते नाव नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकविसावी पशुगणना सुरू झाली तेव्हा ही अडचण दूर झालेली होती. गाय तीच होती. यादीत एक ओळ वाढली होती.

आपल्या देवणीची गोष्ट थोडी उलटी आहे. तिचे नाव यादीत कधीचे आहे, पण लोकांच्या तोंडी नावे अनेक. कोणी तिला डोंगरपट्टी म्हणतो. रंगावरूनही तिचे तीन प्रकार आहेत. पांढऱ्या अंगाची, तोंडाच्या बाजूला काळा रंग असलेली ती वानेरा. अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा. पांढरी, पण पोटाकडच्या भागावर काळे ठिपके असलेली बालंक्या. मोजायला आलेल्या तरुणाला मालकाने 'आमची शेवरा हाय' असे सांगितले आणि त्याला यादीत शेवरा दिसली नाही, तर तो काय करील? 'गावरान' निवडील किंवा 'इतर'. चांगल्या रक्ताची देवणी गाय एका बोटासरशी बिनजातीची झाली. यावर उपाय अवघड नाही. तक्त्यात एका संकेतांकापुढे सगळी बोलीतली नावे ठेवायची. शोधताना वानेरा लिहा, बालंक्या लिहा, नाही तर डोंगरपट्टी लिहा, समोर देवणीच यावी. यादी तयार करणाऱ्याने एकदा गोठ्यात जाऊन लोक काय म्हणतात ते ऐकले, तरच हे त्याला सुचेल.

आणखी एक काळजी. रेंज नसतानाही काम चालावे म्हणून अनेक मोबाइल ॲप यादीची प्रत फोनमध्येच उतरवून ठेवतात. आपल्याकडे ते गरजेचेच आहे. पण ही प्रत म्हणजे पुन्हा रंगवलेली पाटी. रेंज मिळाली की ती ताजी झाली पाहिजे, नाहीतर डेटाबेस एक सांगतो आणि बांधावरचा मोबाइल दुसरेच दाखवतो. तसेच एखादे नाव बंद झाले म्हणून तक्त्यातून ते खोडू नये. ज्या जुन्या अर्जांत ते निवडलेले आहे, त्यांचा रकाना रिकामा पडेल. ओळीपुढे 'आता चालू नाही' अशी खूण करावी. नव्या अर्जात ते नाव दिसणार नाही, जुन्या अर्जात शाबूत राहील.

जे तरुण आज संगणक शिकत आहेत त्यांना मी एवढेच सांगेन की यादी स्वतः टाइप करू नका. ती कोणाच्या अधिकारात आहे ते शोधा आणि तिथून घ्या. संकेतांक साठवा आणि 'इतर' निवडणाऱ्याला पुढे लिहायला जागा द्या. मग महिन्यातून एकदा त्या 'इतर'मध्ये लोकांनी काय लिहिले ते वाचा. यादीत काय राहिले आहे ते तिथेच समजते.

आणि अर्ज भरणाऱ्या आपणा सर्वांसाठी. आपले गाव, आपले पीक किंवा आपल्या जनावराची जात यादीत दिसली नाही, तर भागवून नेण्यासाठी शेजारचे नाव निवडू नका. त्या दिवशी काम होते खरे, पण आपण आपल्या हाताने शेजाऱ्याची संख्या वाढवतो आणि आपल्यापुढे शून्य मांडतो. सेवा केंद्रातल्या मुलाला सांगा, तहसिलात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी द्या, पोच घ्या. गाईला बिल्ला मारला जातो तेव्हा जवळ उभे राहा आणि जातीच्या रकान्यात काय निवडले ते विचारा. डेटाबेसला आपले गाव माहीत नसते, आपली गायही माहीत नसते. त्याला कोणीतरी सांगितलेले तेवढे माहीत असते. ते सांगणाऱ्यांत आपण असावे.