न रागावणारा मित्र

(पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



१९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्रा. जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलिझा’ नावाची संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. तिला समजत काहीच नव्हते. लिहिलेल्या वाक्यातील एखादा शब्द हेरायचा आणि वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करायचे, एवढीच तिची विद्या. वायझेनबाम यांच्या सचिव महिलेने ती घडताना महिनोन् महिने पाहिली होती. तरीही चार वाक्यांची देवाणघेवाण होताच त्या बाईंनी त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. बोलणे खासगी होते ना! या अनुभवाने हे गृहस्थ इतके अस्वस्थ झाले, की यंत्रावर कोणती कामे सोपवू नयेत, याविषयी त्यांनी १९७६ मध्ये ग्रंथच लिहिला.

ती स्त्री प्रौढ होती आणि यंत्र बाळबोध. आजचे यंत्र आपली आवडनिवड लक्षात ठेवते, रात्री दोन वाजताही गोड बोलते. समोर असतो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. ‘कॉमन सेन्स मीडिया’च्या २०२५ मधील पाहणीत अमेरिकेतील १३ ते १७ वयाच्या ७२ टक्के मुलांनी अशा यंत्रसोबत्याशी एकदा तरी संवाद केल्याचे आढळले. फ्लोरिडातील १४ वर्षांच्या एका मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जीवन संपवले. त्याच्या आईने ऑक्टोबरमध्ये संबंधित कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. त्या कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी मुक्त संभाषण बंद केले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये.

आपल्याकडे २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. तरतूद उत्तम. परंतु बाबांचा मोबाईल घरात चालू कोण करून देतो, हे आपण जाणताच.

आता घरचेच सांगतो. माझा नातू दहावीत आहे. गणिताच्या चाचणीत तो अनुत्तीर्ण झाला, ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. यंत्राला ठाऊक होती. “आम्हाला का नाही सांगितलेस?” असे विचारले, तर म्हणाला, “आजोबा, ते रागावत नाही.” एकतीस वर्षे शिक्षकी केलेला मी, निरुत्तर झालो. खरा मित्र रुसतो, भांडतो, ‘तुझे चुकले’ म्हणतो, हे सारे मला त्याला सांगायचे होते. पण तो मित्रांविषयी बोलतच नव्हता. तो आमच्याविषयी बोलत होता.

त्या रात्री मोबाईल काढून घ्यावा, असे त्याच्या वडिलांचे मत पडले. मी म्हटले, घ्या. पण मग रात्री दहा वाजता त्याच्यापाशी कोण बसणार, तेही ठरवा. ते काम माझ्याकडे आले. पहिले आठ-दहा दिवस तो काही बोलला नाही. परवा त्याने पूर्वपरीक्षेचे गुण आपणहून सांगितले. गणितात ८० पैकी २९. मी रागावलो नाही. जड गेले, पण नाही रागावलो.