जुन्या छपराचें ओझें

घराचें छप्पर बदलावयाचें म्हटलें कीं नव्या छपराचा विचार सर्वजण करितात. जुन्याचें काय करावयाचें हा प्रश्न मात्र तें खालीं येऊन पडेपर्यंत कोणास सुचत नाहीं. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं कौलें परतलीं, फुटकीं वेगळीं काढून त्यांचे तुकडे परसांतल्या खड्ड्यांत घातले, कीं काम संपे. अमेरिकेंत तसें होत नाहीं. महाराष्ट्रांतील कितीतरी घरांतील मुलें आज तिकडे घरें करून राहिलीं आहेत. तेव्हां श्रोतेहो, तिकडची ही रीत येथील वडील मंडळींसही ठाऊक असावी.

तिकडील बहुतेक घरांवर कौलें नसतात. काचतंतूंच्या पातळ चटईस डांबर देऊन वर बारीक खडी बसविलेल्या पट्ट्या लाकडी तक्तपोशीवर खिळ्यांनीं ठोकलेल्या असतात. त्यांस शिंगल म्हणतात. ऊन, बर्फ आणि वारा खाऊन पंधरा ते तीस वर्षांत त्या जीर्ण होतात. जुन्या थरावर एकवार नवा थर चढवितां येतो. परंतु दोन थरांवर तिसरा चढविण्यास बहुतेक ठिकाणच्या बांधकामनियमांची मनाई आहे. मग सगळें छप्पर खरवडून काढावें लागतें, आणि एका दिवसांत अंगणांत डोंगर उभा राहतो. तो वाहून नेण्यासाठीं भाड्यानें आणावयाची लोखंडी पेटी म्हणजे डम्पस्टर.

हें नांव एका आडनांवावरून पडलें. टेनेसी राज्यांतील नॉक्सव्हिल शहरीं जॉर्ज डेम्प्स्टर नांवाचे कंत्राटदार होते. पुढें १९५२ ते १९५५ पर्यंत ते त्या शहराचे नगराध्यक्षही होते. मालमोटारीनें उचलून रिकामी करतां येईल अशी पेटी त्यांनीं व त्यांच्या बंधूंनीं १९३५ च्या सुमारास प्रचारांत आणली. छपराच्या कामास आज येते ती तिची निराळी बहीण. ती वरून उघडी असते व तिच्या तळाशीं लोखंडी चाकें असतात. मालमोटार आपली पाठ तिरपी करून ती हळूहळू जमिनीवर सोडते. १०, २०, ३० व ४० घनयार्ड अशीं तिचीं मापें सांगतात. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट. येथेंच बहुतेकांची फसगत होते, कारण पेटी मागावयाची आकारमानानें आणि पैसे द्यावयाचे वजनानें.

न्यू जर्सींतील एका मराठी गृहस्थाची गोष्ट या बाबतींत ऐकण्यासारखी आहे. घराची जमीन सोळाशें चौरस फूट. छपराचा उतार व पुढें आलेली वळचण धरून छप्पर झालें दोन हजार. शंभर चौरस फुटांस तिकडे एक स्क्वेअर म्हणतात, म्हणजे हे वीस स्क्वेअर. साध्या जातीच्या एका स्क्वेअरचें वजन सुमारें अडीचशें पौंड धरल्यास पांच हजार पौंड होतात. अमेरिकन टन दोन हजार पौंडांचा, तेव्हां अडीच टन. गृहस्थ शिकलेले, त्रैराशिकांत तरबेज. परंतु हें गणित त्यांनीं केलेंच नाहीं. त्यांनीं ढीग डोळ्यांपुढें आणिला आणि २० घनयार्डांची पेटी मागविली. करारांत दोन टनांपर्यंतचें वजन भाड्यांत धरलें होतें व पुढच्या प्रत्येक टनास वेगळा आकार होता. तो बारीक अक्षरांतला मजकूर वाचावयाचा राहून गेला.

काम सुरू झालें तेव्हां छपरावर दोन थर निघाले. वळचणीशीं एक कडा उचलून पाहिली असती तर हें अगोदरच कळलें असतें. ओझें पांच टनांवर गेलें. पेटी मात्र दोन-तृतीयांशच भरली. उरलेली जागा पाहून घरांतील मोडकीं कपाटें व एक जुना पलंग त्यांत गेला, आणि पलंगाचे पाय पेटीच्या कांठावर दिसूं लागले. मोटार घेऊन आलेल्या चालकानें पेटीकडे एकवार पाहिलें व तसाच परत गेला. कांठाच्या वर आलेला माल रस्त्यावरून नेण्यास त्यास मुभा नव्हती. वरचा संसार उतरून ठेवीपर्यंत दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत गृहस्थांची मोटार गॅरेजमध्यें अडकून पडली, कारण पेटी नेमकी दारापुढें ठेवविली होती! नंतर वजनकांट्यावर भरली व रिकामी मोटार तोलून तीन जादा टनांचें बिल आलें.

वजनावर एवढा कटाक्ष कां, याचें कारण उघड आहे. कचरा टाकावयाच्या जागीं टनावर पैसे घेतात, आणि रस्त्यावरून किती ओझें न्यावें यास कायद्याची मर्यादा असते. ४० घनयार्डांची पेटी शिंगलनें कांठोकांठ भरली तर ती उचलतांच येणार नाहीं. म्हणून जड मालास ठेंगण्या भिंतींची पेटीच योग्य. तींत माल टाकणेंही सोपें जातें.

आणखी दोनचार गोष्टी आहेत. पुष्कळ कंत्राटदार आपल्या रकमेंतच पेटी धरतात. तेव्हां प्रथम त्यांसच विचारावें, नाहींतर एकाच कामाचे दोनदां पैसे जातात. सार्वजनिक रस्त्यावर पेटी ठेवावयाची तर पुष्कळ ठिकाणीं नगरपालिकेचा परवाना लागतो. अंगणांत ठेवावयाची तर चाकांखालीं लाकडी फळ्या घालाव्या. उन्हानें मऊ झालेल्या डांबरी वाटेंत लोखंडी चाक सहज रुततें. रंग, तेल, टायर हे त्यांत चालत नाहींत. फार जुन्या घराच्या छपरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची तपासणी काम सुरू होण्यापूर्वींच करवून घ्यावी, कारण त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे.

शिंगल इतर कचऱ्यापासून वेगळें ठेविलें तर कांहीं ठिकाणीं तें दळून रस्त्याच्या डांबरांत मिसळतात. त्या गृहस्थांच्या पेटींत कपाटें व पलंग गेल्यामुळें तीही सोय राहिली नाहीं. पेटी गेल्यावर त्यांचे पुण्याहून आलेले वडील दांड्याला बांधलेला लोहचुंबक घेऊन सकाळभर हिरवळीवरून फिरत होते. नातवंडें तेथें अनवाणी खेळत, आणि दुपारपर्यंत डबाभर खिळे निघाले होते.