रस्ता येण्याआधी खसरा पाहा
(डोईफोडिया येथील सभेत केलेले भाषण)



इंदूर-इच्छापूर रस्त्याचे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने हाती घेतल्यापासून आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येते, "हायवेवाले जमीन घेतात आणि भावही तेच ठरवतात." हे अर्धेच खरे आहे.

हे प्राधिकरण १९८८ च्या कायद्याने स्थापन झाले आणि १९९५ मध्ये कामाला लागले. महामार्ग बांधणे, त्याची देखभाल आणि टोलवसुली ही त्याची कामे. जमीन मात्र केंद्र सरकार १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली घेते. मोबदल्याचा पैसा प्राधिकरणाचा, पण तो किती हे ठरवतो सक्षम अधिकारी, बहुधा आपले एस.डी.एम. साहेब. ती रक्कम मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाता येते. म्हणून रस्त्यावरच्या इंजिनिअरशी भांडून भाव वाढत नाही.

राजपत्रात पहिली अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात. तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापतात, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. मध्य प्रदेशात ही भाषा हिंदी. आपली सोयरीक जळगाव-बुलढाण्याकडची, घरात पेपर मराठी. सूचना छापून येते आणि आपल्याला पत्ताही नसतो. पुढची अधिसूचना निघाली की जमीन केंद्र सरकारची होते.

१ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या जमिनीलाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे नियम लागू आहेत. त्यात शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे सोलेशियम, मिळते. पण ती कोणाच्या हाती पडणार?

मंडळी, मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. चेकवर नाव एक आणि खात्यावर दुसरे असेल तर माझा इलाज चालत नाही. आपल्या जुन्या घरांत आजोबा जाऊन तीस वर्षे झाली तरी खसऱ्यावर नाव त्यांचेच. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, वाटणी मात्र तोंडी. अशा वेळी वाट्यावरून वाद निघाला तर सक्षम अधिकारी प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. रस्ता होऊन गाड्या धावू लागतात आणि पैसा कोर्टात अडकून पडतो. बहिणींचा हक्कही विसरू नका; तो कायद्याने आहे.

तेव्हा तीन कामे आजच करा. खसरा आणि बी-१ ची नक्कल काढून नावे तपासा. वारसांचे नामांतरण आणि वाटणी तहसीलमध्ये नोंदवून घ्या. कर्ज फेडले असेल तर बँकेचे बेबाकी पत्र घेऊन बोजा उतरवा.

मंडळाला माझी एक सूचना आहे. भूसंपादनाची प्रत्येक सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीतही लावावी, असे निवेदन आपण जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. घटनेच्या ३५० व्या कलमाने ते निवेदन आपल्या भाषेत देण्याचा हक्क आपल्याला आहे.

रस्ता हवाच. दवाखाना आणि बाजार जवळ येतो. विरोध रस्त्याला नाही. आपल्या हक्काचा पैसा आपल्याच ढिलाईने अडकू नये, एवढेच सांगणे.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय मध्य प्रदेश!